कसाबला पकडल्याबरोबर गोळी का घातली नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कसाब रंगेहाथ सापडला होता, सगळ्या जगाने त्याला बघितलं होतं, मग त्याला वकील देऊन, चार वर्षं बिर्याणी खाऊ घालून खटला चालवायची गरज काय होती? आणि अतिरेक्यांशी लढताना कायदा आणि लोकशाही मध्ये आणतो म्हणूनच आपण मार खातो, असं नाही का?

मी फौजदारी बाजूची वकिली करतो. या प्रश्नामागचा संताप मला कळतो. पण उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते नीट कारणं देऊन सांगायला हवं.

सुरुवात तुकाराम ओंबळे यांच्यापासून करतो. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा माणूस मुंबई पोलिसांत सहायक फौजदार होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर हल्ला सुरू असताना, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल यांची पळवलेली स्कोडा अडवली गेली. इस्माईल मारला गेला. कसाब दुसऱ्या बाजूने बाहेर पडला, तेव्हा ओंबळे यांनी त्याच्या एके-४७ ची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि पकड सोडली नाही. तेवढ्यात बाकीच्या पोलिसांनी कसाबला खाली पाडलं. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत हाती लागला तो हा एकच. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पाच मिनिटांनी आपणच कसाबला संपवलं असतं, तर ओंबळे यांनी जीव देऊन जे मिळवलं ते आपल्याच हाताने घालवलं असतं.

काय मिळवलं होतं ते बघा. या दहाही जणांना हिंदू नावांची बनावट ओळखपत्रं देऊन पाठवलं होतं. दहाही मेले असते तर ते कोण, कुठले, कुणी पाठवले यावर वर्षानुवर्षं वाद घालता आला असता. पाकिस्तानने सुरुवातीला तर कसाब आपला नागरिकच नाही असं म्हटलं. पण माणूस जिवंत होता. आपलं गाव फरीदकोट, ओकारा जिल्हा, असं सांगत होता. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला तो आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं. त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने हे उघडपणे सांगितलं म्हणून त्याचं पद गेलं, पण कबुली मागे घेता आली नाही. फेब्रुवारीत त्यांच्या गृहखात्याच्या प्रमुखांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचंही मान्य केलं. जिवंत आरोपी आणि कागदावर उतरलेला पुरावा नसता, तर यातलं काहीही झालं नसतं.

‘सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, मग पुरावा कशाला?’ असं मला पक्षकारही विचारतात. टीव्हीवर दिसला तो एक बंदूकधारी तरुण. तो कुठून आला, कुणाच्या सांगण्यावरून आला, हल्लेखोरांनी समुद्रात पळवलेल्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवर काय घडलं, कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर गोळ्या कुणी झाडल्या, हे टीव्ही सांगत नाही. ते आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यासमोर एकेक साक्षीदार उभा करून सिद्ध झालं. सहाशेच्या वर साक्षीदार होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये गोळीबार सुरू असताना पळून न जाता फोटो काढणारे वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा साक्षीला आले. पायाला गोळी लागलेली एक शाळकरी मुलगी कुबड्यांवर आली आणि तिने बोट दाखवून त्याला ओळखलं. जीपीएसच्या नोंदी होत्या, बोटीच्या यामाहा इंजिनचा माग होता, सूत्रधारांशी झालेल्या फोनवरच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग होतं, ‘कुबेर’वर सापडलेल्या वस्तूंवरचा डीएनए होता.

कबुलीजबाबाची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मते या खटल्याचा कणा तिथे आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये कसाबचा जबाब फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली घेतला तो पोलिसांनी नाही, दंडाधिकाऱ्यांनी. कबुली द्यायची तुझ्यावर सक्ती नाही, दिलीस तर ती तुझ्याच विरुद्ध वापरली जाईल, हे त्याला बजावलं. विचार करायला वेळ दिला. पुढे त्याने तो जबाब नाकारला, तरीही तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला, कारण घेताना आडवाट धरली नव्हती. जुलै २००९ मध्ये भर न्यायालयात उभं राहून त्याने अचानक गुन्हा कबूल केला, तेव्हा खूप जणांना वाटलं की आता संपलं, द्या शिक्षा. न्यायाधीशांनी ती कबुली नोंदवून घेतली, अपुरी आहे म्हटलं आणि खटला पुढे चालवला. त्या एका निर्णयाबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पुढच्या अपिलात कुणाला ‘घाईघाईत उरकलं’ असं म्हणायची जागाच उरली नाही.

आता बिर्याणी. २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने ती दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट तयार होते आहे असं वाटल्याने आपण ती गोष्ट रचली, असं ते म्हणाले. निकम यांनी त्या खटल्यात केलेलं काम मोठं आहे, ते कुणी नाकारू नये. पण सरकारी वकिलाने अशी रचलेली गोष्ट सांगायला नको होती असं मला ठामपणे वाटतं. इतकी वर्षं झाली तरी कायद्याने चालणं म्हणजे अतिरेक्याचे लाड करणं हा समज लोकांच्या मनातून जात नाही, त्याचं मूळ त्या एका वाक्यात आहे.

वकील का दिला, याचं उत्तर राज्यघटनेत आहे. जीविताचं आणि वकिलामार्फत बचावाचं संरक्षण, म्हणजे अनुच्छेद २१ आणि २२, नागरिक आणि परकीय असा भेद करत नाही. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या वकील संघटनेने कसाबचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असा ठराव केला होता. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकील अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला. या दोन्ही गोष्टींचं मला वकील म्हणून आजही वाईट वाटतं. बचावाचा वकील नसता तर तो खटला पहिल्याच अपिलात कोसळला असता, आणि पाकिस्तानला हवं होतं तेच झालं असतं. पुढे अब्बास काझमी, मग के. पी. पवार, उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी हे काम केलं. यातल्या कुणालाही लोकांच्या टाळ्या मिळणार नव्हत्या.

आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबची फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं की अटक झालेला माणूस पहिल्यांदा समोर आणला जाईल तेव्हा त्याला वकील मिळण्याचा हक्क आहे हे सांगणं तुमचं कर्तव्य आहे. त्यात कसूर केली तर खातेनिहाय कारवाई होईल. मोबाइलचोरीच्या संशयावरून पकडलेल्या, खिशात दमडी नसलेल्या मुलासाठी रिमांडच्या वेळी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उभा राहतो, तेव्हा त्याच्या पाठीशी हा निकालही असतो.

त्याच खटल्यातले आणखी दोन आरोपी, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद, सुटले. त्यांनी मुंबईचे नकाशे काढून दिले असा आरोप होता, आणि असा एक नकाशा मेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला असं सांगितलं गेलं. न्यायालयाने विचारलं, कपडे रक्ताने भिजलेले असताना त्या कागदावर रक्ताचा डाग कसा नाही? सरकारी पक्षाकडे पटेल असं उत्तर नव्हतं. दोघांची निर्दोष मुक्तता उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. त्याच न्यायाधीशाने, त्याच दिवशी, एकाला दोषी ठरवलं आणि दोघांना सोडलं. म्हणून कसाबच्या शिक्षेला जगात किंमत आहे. ६ मे २०१० ला फाशी सुनावली गेली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली. हल्ल्यापासून चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत तीन न्यायालयं आणि राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज, सगळं झालं होतं.

आता आडवाट घेतली की काय होतं ते बघू. त्यासाठीही मुंबईबाहेर जावं लागत नाही.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, संध्याकाळच्या गर्दीत अकरा मिनिटांत सात स्फोट. एकशे ऐंशीहून जास्त माणसं गेली. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावं त्या दिवसाआधी नुसती स्टेशनं होती. तेरा जणांवर मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्याखाली, खटला चालला. मोक्कात पोलीस उपायुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. एक जण नऊ वर्षं आत काढून निर्दोष सुटला. मग २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब छळ करून घेतले, साक्षीदार टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवस गप्प राहून मग पुढे आले, ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता, आणि बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बारांपैकी एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घेता येणार नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.

हा निकाल आला त्या दिवशी ‘न्यायालयाने अतिरेक्यांना सोडलं’ असे संदेश सगळीकडे फिरत होते. माझा राग वेगळीकडे होता. एकोणीस वर्षांनी त्या डब्यात गेलेल्या माणसाच्या बायकोला काय सांगायचं? हे नसतील तर कुणी केलं? ज्यांनी केलं ते कुठे आहेत? कोठडीत मारून घेतलेली कबुली तपास संपवते, सत्य शोधत नाही. चुकीचा माणूस आत असतो तेवढी वर्षं खरा माणूस बाहेर मोकळा असतो. तो दुसरा बॉम्ब ठेवू शकतो. माझा आक्षेप मुख्यतः सुरक्षेचा आहे, दयेचा तर आहेच.

मालेगावचंही तेच. सप्टेंबर २००६ मध्ये तिथे स्फोट झाले, नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली, काही वर्षांनी तपास दुसऱ्याच गटाकडे वळला आणि २०१६ मध्ये ते दोषमुक्त झाले. सप्टेंबर २००८ मध्ये भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जण गेले, आणि त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी सुटले. पहिल्या निकालावर खूश झालेले आणि दुसऱ्यावर खूश झालेले लोक बहुधा वेगवेगळे होते. मालेगावात ज्यांची माणसं गेली त्यांच्या पदरात दोन्ही वेळा काही पडलं नाही.

तुम्हाला वाटत असेल की अमेरिकेसारखा देश असं काही मध्ये येऊ देत नाही. मग खालिद शेख मोहम्मदचं बघा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार म्हणवला जाणारा हा माणूस मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. सीआयएने त्याला गुप्त तळांवर ठेवलं, अमेरिकेच्याच सरकारी कागदपत्रांप्रमाणे १८३ वेळा पाण्यात गुदमरवलं, मग ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगात नेलं. छळातून निघालेला पुरावा वापरायचा की नाही यावर लष्करी न्यायाधिकरणात वर्षंच्या वर्षं गेली. २०२४ मध्ये गुन्हा कबूल करण्याचा करार झाला आणि दोन दिवसांत त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी तो रद्द केला. आपण चार वर्षांत जे पूर्ण केलं, ते त्यांना वीस वर्षांत जमलं नाही.

आणखी एक व्यावहारिक बाजू. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या ताब्यात दिलं. भारतात माझा छळ होईल हा मुद्दा त्याने तिथे शेवटपर्यंत लढवला. दुसऱ्या देशाचं न्यायालय असा युक्तिवाद फेटाळतं, तेव्हा आपल्या न्यायालयांची पत तिथे कामाला येते. पकडलेल्याला परस्पर गोळी घालणारा देश म्हणून आपलं नाव झालं, तर पुढचा राणा आपल्याला कुणी देणार नाही. राणालाही दिल्लीत विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील दिला गेला आहे, आणि तो द्यायलाच हवा होता.

मग कडक कायदे नकोतच का? हवेत. चालू असलेल्या हल्ल्यात, समोर बंदूक रोखलेली असताना गोळी चालवणं हे तर पोलिसाचं कर्तव्यच आहे. ताज आणि ओबेरॉयमध्ये कमांडोंनी तेच केलं. प्रश्न पकडल्यानंतरचा आहे. यूएपीए या आजच्या दहशतवादविरोधी कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, हे चांगलं आहे. टाडा आणि पोटा या आधीच्या कायद्यांत ती ठरत होती आणि त्याचे परिणाम आपण भोगले. पण यूएपीएत जामीन इतका अवघड आहे की खटला उभाच राहत नाही आणि माणूस आत राहतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. ए. नजीब प्रकरणात सांगितलं की खटला वेळेत संपायची शक्यता नसेल तर घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. मला हे पुरेसं वाटत नाही. खटलाच रोजच्या रोज चालवा, जसा कसाबचा चालवला. कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोरच घ्या, मोक्कातली ती तरतूद काढा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतली रिकामी पदं भरा. पंच आणि साक्षीदार फितूर होतात ते बहुतेक वेळा भीतीने, त्यांना साक्ष होईपर्यंत आणि नंतरही संरक्षण द्या. आणि ज्या तपासात निर्दोष माणसं वर्षानुवर्षं आत राहिली, त्या तपासाची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी टाका, कारण आजपर्यंत ती बहुधा कुणावरच पडलेली नाही.