ऱ्हाईनचे किल्ले आणि आईबाबांचे गुडघे

प्रश्न : मुलगा फ्रँकफर्टला असतो, आम्ही दोघं जूनमध्ये जातोय. ऱ्हाईन नदीकाठचे पडके किल्ले बघायचेत पण यांचे गुडघे दुखतात, जमेल का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : जमते ना काकू, बिनधास्त जा! बिंगेन ते कोब्लेंझ हा पासष्टेक किलोमीटरचा पट्टा, 2002 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे असल्याने अर्धे किल्ले तर खिडकीतूनच दिसतात. फक्त बिंगेनकडून निघाल्यावर डाव्या काठची गाडी पकडा अन् उजव्या हाताच्या खिडकीत बसा. बाखाराख गेलं की काउबसमोर नदीच्या मधोमध जहाजासारखा एक किल्ला उभा दिसेल, तिथे काका झोपले असतील तर उठवा.

पडका किल्ला एकच करा, सांक्ट गोआरचा ऱ्हाईनफेल्स. 1245 मध्ये बांधायला घेतला आणि 1797 मध्ये फ्रेंच सैन्याने सुरुंग लावून उडवला, पण उरलंसुरलंही एवढं अवाढव्य आहे की फिरताना दमछाक होते, खालचे भुयारी रस्ते अंधारे नि बुटके, मोबाईलचा टॉर्च लागतोच. काकांना वर अंगणातच बसवा, समोर नदी आहेच.

व्ह्यूपॉइंट म्हणाल तर माझं मत बोप्पार्ड. तिथे चेअरलिफ्ट आहे, पायऱ्यांचं नावच नाही, वरून नदीचं मोठ्ठं वळण दिसतं. लोरेलायचा 132 मीटरचा कडा प्रसिद्ध आहे खरा पण तो बोटीतूनच छान वाटतो. बोट कोब्लेंझच्या दिशेने घ्या, प्रवाहासोबत लवकर पोचते. आणि हो, जून असला तरी स्वेटर ठेवा, तिथला जून आपल्यासारखा भाजत नाही.