मायना बदलतो तिथे थांबा

प्रश्न : एका आवडत्या लेखकाचा पत्रसंग्रह वाचतो आहे. कथांमधून उदार वाटलेला हा माणूस पत्रांत पैशांवरून सतत कटकट करतो. खरा कोणता समजायचा?

उत्तर : आधी ती पत्रं कोणाला लिहिली आहेत ते बघा. प्रकाशकाला लिहिलेली असतील तर पैशांचीच कटकट असायची! संग्रह सलग वाचू नका. मागची सूची उघडून एखादं आजारपण किंवा घरातला मृत्यू निवडा आणि त्या पंधरवड्यात वेगवेगळ्या माणसांना गेलेली पत्रं शेजारी ठेवा. आईला ‘बरा आहे’, मित्राला ‘रात्रभर झोप नाही’, प्रकाशकाला नुसता हिशेब. कोणापासून काय लपवलं, यात स्वभाव सापडतो.

मायन्यावरही नजर ठेवा. ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी लिहीत असताना फ्रेंच लेखक फ्लोबेर आपल्या प्रेयसीला, कवयित्री लुईझ कोलेला रात्री-अपरात्री लांबलचक पत्रं लिही. एकेका वाक्याशी चाललेली झटापट त्यांत आहे, आणि भाषा ‘तू’ची. ६ मार्च १८५५ च्या चिठ्ठीत तीच बाई ‘मादाम’ होते, ‘तू’ची ‘आपण’ होते. काल संध्याकाळी आपण तीनदा येऊन गेलात असं कळलं, मी घरी नव्हतो, यापुढेही कधी नसेन, एवढाच मजकूर. खाली रीतसर नमस्कार. दार आपटण्यापेक्षा हा नमस्कार जास्त लागतो. पण कोलेची त्याला आलेली बहुतेक पत्रं उरलेली नाहीत, म्हणून भांडणाचा निवाडा करायला बसू नये.

प्रश्न : पत्रांत काटछाट झाली आहे हे कसं ओळखावं?

उत्तर : प्रस्तावनेत संपादकाने काय गाळलं आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते पाहा. ‘निवडक’ हा शब्द, मजकुरातली टिंबं आणि महिनोन् महिन्यांची पोकळी, तिन्ही खुणा महत्त्वाच्या. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनची सुमारे १६० पत्रंच उरली आहेत. बहीण कॅसँड्राने बरीच जाळली, काहींतले तुकडे कापून काढले. तेव्हा उरलेल्यांत राग फारसा दिसला नाही, तर तो तिच्या स्वभावातच नव्हता असं म्हणता येत नाही. डिकन्सने तर १८६० मध्ये स्वतःला आलेल्या पत्रांचीच होळी केली.

चौकटी कंसातली तारीख बहुधा संपादकाचा अंदाज असते. तो चुकला की क्रम उलटतो, आणि भांडणानंतरची माफी भांडणाआधीची खुशामत वाटू लागते.