मुंबईहून देवगडच्या घरचा कॉम्प्युटर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने का जोडला जात नाही?
देवगडच्या कॉम्प्युटरवर विंडोज होम असेल तर जोडला जाणारच नाही. होमवरून दुसरीकडे जाता येतं, पण होममध्ये कुणाला घेता येत नाही, त्याला प्रो लागतं. प्रो असूनही राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) 100.64 ते 100.127 मध्ये दिसला, तर एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे, मग राउटरवर 3389 पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून उपयोग शून्य. (तसाही तो उघडा ठेवू नयेच.) सरळ गुगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप टाका: देवगडला किमान 6 आकडी पिन लावा, मुंबईत त्याच गुगल खात्याने उघडा. देवगडच्या कॉम्प्युटरचं स्लीप 'नेव्हर' करा, म्हणजे तो आपोआप झोपणार नाही. पावसाळ्यात लाइट जाऊन आली तरी कॉम्प्युटर बंदच राहतो, म्हणून बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'एसी पॉवर लॉस'पुढे 'पॉवर ऑन' निवडा. लॅपटॉपमध्ये हा पर्याय बहुधा नसतो.