हंगामी मिळकत आणि बारमाही हप्ता

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि त्यासोबत पाठवलेली वर्षभराची बँक विवरणे काळजीपूर्वक वाचली. इतर वाचकांसाठी मुद्दा थोडक्यात मांडतो. तुम्ही 36 वर्षांचे तबलावादक आहात, कोथरूडला 19,000 रुपये भाड्याच्या घरात पत्नी आणि पाच वर्षांच्या मुलीसह राहता आणि गायक-वादकांना साथ करण्यासाठी वर्षातले कितीतरी दिवस पुण्याबाहेर असता. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहेत आणि त्यांच्या हाती दरमहा 32,000 रुपये येतात. धायरीतल्या एका बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत 58 लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही पाहिला आहे. बँक 8.5 टक्के दराने 20 वर्षांसाठी 44 लाखांचे कर्ज द्यायला तयार आहे, ताबा अडीच वर्षांनी मिळेल आणि बुकिंगची रक्कम याच महिन्यात भरायची आहे. ‘भाडे म्हणजे पैसे पाण्यात’ असे घरचे सगळे म्हणतात, तेव्हा फ्लॅट घ्यावा की नाही, हा तुमचा प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. हा फ्लॅट, या कर्जासह, आता घेऊ नये. घर मात्र जरूर घ्यावे. दोन हंगामांनंतर, लहान आणि तयार घर घेतल्यास ते तुम्हाला पेलेल.

तुम्ही मांडलेला हिशेब असा आहे: वर्षभरात 13 लाख 40 हजार रुपये मानधन मिळाले, त्यातून प्रवास, वाद्यांची देखभाल वगैरे 2 लाख 60 हजार वजा केले की 10 लाख 80 हजार उरतात, म्हणजे महिन्याला सरासरी 90,000, मग 38,200 रुपयांचा हप्ता जड का जावा? हिशेबात चूक नाही, पण सरासरीचा महिना तुमच्या आयुष्यात कधी येतच नाही. विवरणे महिन्यांप्रमाणे लावून पाहिली, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत, म्हणजे दिवाळी पहाटेपासून हिवाळ्यातल्या संगीत महोत्सवांपर्यंत, 7 लाख 20 हजार जमा झालेले दिसले. गणेशोत्सवाच्या सप्टेंबरमध्ये 1 लाख 10 हजार आणि एप्रिलमध्ये एक लाख आले. मे-जूनमधल्या अमेरिका दौऱ्याचे 3 लाख 10 हजार. आणि जुलै-ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत मिळून कार्यक्रमांचे फक्त 40,000. शिकवण्यांचे दरमहा 5,000 तेवढे बारा महिने नियमित येतात. म्हणजे भर पावसाळ्यात तुमची मिळकत महिन्याला 25,000 असते आणि बँकेचा हप्ता मात्र आषाढात जेवढा, तेवढाच मार्गशीर्षात.

आता घराचा खर्च पाहू. तुमचा महिन्याचा खर्च भाडे, शाळेची फी आणि विम्याचे हप्ते धरून 52,000 आहे. बांधकाम चालू असताना बँक रक्कम टप्प्याटप्प्याने देते, त्यामुळे सुरुवातीला बोजा कमी वाटेल. पण ताबा मिळण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षात जवळजवळ पूर्ण हप्ता आणि भाडे दोन्ही एकाच वेळी भरावे लागतील. म्हणजे महिन्याला 90,000 बाहेर जाणार आणि जुलैमध्ये पत्नीचा पगार धरून 57,000 आत येणार. एका महिन्याची तूट 33,000 रुपयांची. ती हिवाळ्यातल्या शिलकीतून भरून काढू, असे तुम्ही म्हणाल. ते शक्यही आहे, पण अमेरिका दौरा झाला तरच.

हा दौरा तुम्ही मिळकतीत धरला आहे, तो मी धरत नाही. गेल्या तीन वर्षांत तो एकदाच झाला, हे तुम्हीच लिहिले आहे. दौरा ठरणे मुख्य गायकाच्या हाती असते, व्हिसा वेळेवर मिळेल की नाही हे कोणाच्याच हाती नसते आणि साथीदार कोण असावेत हे शेवटच्या महिन्यातही बदलू शकते. दौरा वगळला तर खर्च जाता तुमचे वर्षाला 7 लाख 70 हजार उरतात. त्यात पत्नीचे 3 लाख 84 हजार मिळवले की 11 लाख 54 हजार होतात आणि भाडे-हप्त्यासह घरखर्च 10 लाख 80 हजारांवर जातो. वर्षभर राबून हाती राहणारी रक्कम जेमतेम पाऊण लाख. त्या पाऊण लाखात मुलीचे पुढचे शिक्षण, तुमचे म्हातारपण आणि साताऱ्यातल्या 68 वर्षांच्या वडिलांचे आजारपण हे सारे बसवायचे आहे, आणि ते बसणार नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या हिशेबातून सुटली आहे. 58 मधून 44 वजा केले की 14 लाख उरतात आणि तुमच्याकडे मुदत ठेवीत 11 लाख व म्युच्युअल फंडात साडेतीन लाख आहेत, म्हणून पैसे पुरतील असे तुम्ही धरले आहे. पण घराची किंमत 58 लाखांवर थांबत नाही. पुणे महापालिका हद्दीत सध्या मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, ते 4 लाख 6 हजार होते. नोंदणी शुल्क 30,000. बांधकाम सुरू असलेल्या आणि 45 लाखांपेक्षा महाग घरावर 5 टक्के जीएसटी लागतो, त्याचे 2 लाख 90 हजार. एकूण 65 लाख 26 हजार झाले आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम 21 लाख 26 हजार. बँक मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी कर्ज देत नाही. म्हणजे ठेव आणि फंड दोन्ही रिकामे करूनही पावणेसात लाख कमी पडतात, आणि पीपीएफमधले 2 लाख 60 हजार मोडता आले तरी चार लाखांहून अधिक तूट राहतेच. ती भरायला वैयक्तिक कर्ज काढले, तर त्याचा हप्ता वेगळा. (फ्लॅट केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे 58,000 वाचतात. ते उपयोगी आहे, पण त्याने निर्णय बदलत नाही.)

‘भाडे पाण्यात’ या म्हणण्याबद्दलही लिहायला हवे, कारण या एका वाक्याने अनेक कलावंतांना घाईच्या कर्जात ढकललेले मी पाहिले आहे. तुम्ही वर्षाला 2 लाख 28 हजार भाडे देता. 44 लाखांच्या कर्जावर पहिल्या पूर्ण वर्षात केवळ व्याज सुमारे 3 लाख 70 हजार जाईल, आणि ताबा मिळेपर्यंत भाडे सुटणारच नाही. भाड्याचे पैसे परत येत नाहीत हे खरे, पण व्याजाचेही येत नाहीत.

मार्च 2020 तुम्ही विसरला नसाल. कार्यक्रम एकाएकी बंद झाले. मधल्या काळात नाट्यगृहे निम्म्या प्रेक्षकांसह उघडली, पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 पासून पुन्हा सुरू झाली. त्या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, ती मार्च ते ऑगस्ट 2020 अशी सहाच महिन्यांची होती आणि त्या सहा महिन्यांचे व्याज कर्जात वाढतच राहिले. तसेच संकट पुन्हा येईल असे मी म्हणत नाही. पण तबलावादकाची मिळकत थांबायला महामारी लागत नाही, मनगट मुरगळले तरी पुरते. पावसाळ्यात दुचाकीवरून घसरून नोव्हेंबरपर्यंत हात प्लॅस्टरमध्ये राहिला, तर हंगामाच्या सगळ्या तारखा दुसऱ्याकडे जातात आणि त्यांतल्या काही पुढच्या वर्षीही परत येत नाहीत.

म्हणून घराच्याही आधी एक काम करा. तुमच्या विम्याच्या यादीत 50 लाखांचा मुदत विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा आहे, पण वैयक्तिक अपघात विमा नाही. तो घ्या, आणि घेताना तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याला ठरावीक भरपाई देणारा पर्याय त्यात आहे ना, हे पाहून घ्या. मृत्यूवरच भरपाई देणारी स्वस्त पॉलिसी तुमच्या उपयोगाची नाही. वडिलांसाठी वेगळी आरोग्य पॉलिसी असावी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर जीएसटी लागत नाही, तेवढा दिलासा आहे. विमानातून उतरल्यावर पिशवी उघडली तर पांढरी चार या सुरात लावायच्या तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, किनारीपासून मधल्या काळ्या शाईपर्यंत फाटलेली होती आणि संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी त्या गावात तबला मागून आणावा लागला, हा तुमच्या पत्रातला प्रसंग वाचून वाईट वाटले. वाद्यांचा प्रवासासह विमा उतरवता येतो. मात्र पुडीची नेहमीची झीज त्यात धरली जात नाही, त्यामुळे त्यासाठीची तरतूद खर्चातच ठेवा.

आता पर्याय. सुमारे 45 लाखांपर्यंतचे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर पाहा; एक बेडरूमचे, किंवा जुन्या इमारतीतले लहान दोन बेडरूमचे. अशा घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क 3 लाख 15 हजार आणि नोंदणी 30,000 धरून 48 लाख 45 हजार लागतील. कर्ज 30 लाखांचेच घ्या. त्याचा 20 वर्षांचा हप्ता सुमारे 26,000 होतो. ताबा लगेच मिळत असल्याने भाडे सुटते. उरलेला घरखर्च 33,000, सोसायटीचा देखभाल खर्च 3,000 आणि हप्ता 26,000 मिळून 62,000 होतात. तुमच्या सर्वांत वाईट महिन्यातली मिळकत 57,000 आहे. फरक पाच हजारांचा, आणि तो पेलता येतो. हप्ता ठरवताना जुलै महिना समोर ठेवा, जानेवारी नव्हे.

यासाठी स्वतःचे 18 लाख 45 हजार लागतील. शिवाय घर लावण्यासाठी दोन लाख आणि सहा महिन्यांच्या खर्चाची पावणेचार लाखांची राखीव रक्कम धरली, तर सव्वाचोवीस लाखांच्या आसपास जमवायचे आहेत. आज ठेव आणि फंड मिळून साडेचौदा लाख आहेत. सध्याच्या खर्चात दौऱ्याशिवायही वर्षाला 5 लाख 30 हजार मागे पडू शकतात, म्हणजे दोन हंगामांत 25 लाख होतात आणि पीपीएफला हात लावावा लागत नाही. ही रक्कम दोन वर्षांत लागणार असल्यामुळे ती शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात ठेवू नका. फंडातली रक्कमही हळूहळू मुदत ठेवीत आणा. दौरा झालाच, तर ते पैसे कर्ज कमी करायला वापरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड करताना व्यक्तीला दंड लागत नाही, आणि हंगामात हाती पैसा असणाऱ्या माणसाला ही सोय फार उपयोगी पडते.

या दोन वर्षांत कागदपत्रे नीट करा. पाकिटातून मिळणारे मानधनही बँकेत भरा आणि आयकर विवरणपत्रात दाखवा, कारण कर्ज देताना बँक साधारण तीन वर्षांची विवरणपत्रे पाहते. लपवलेली मिळकत तिथे तुमच्या कामी येत नाही आणि ती लपवणे बेकायदाही आहे. खर्च वजा जाता तुमचे उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे, त्यामुळे नव्या करप्रणालीत सवलतीनंतर कर शून्य होतो आणि आयोजकांनी कापलेला 10 टक्के टीडीएस, म्हणजे मानधन देतानाच कापून घेतलेला कर, परत मिळतो. मात्र तो त्यांनी खरोखर सरकारजमा केला आहे का, हे 26एएस या आयकर खात्याच्या उताऱ्यात दरवर्षी तपासा. निम्मी मिळकत खर्च म्हणून सरळ धरायची पद्धत मित्राने सुचवली, असे तुम्ही लिहिता. त्या पद्धतीच्या व्यवसायांच्या यादीत चित्रपट कलावंत आहेत, मैफलीत साथ करणाऱ्या वादकाचा स्वतंत्र उल्लेख नाही. सनदी लेखापालाच्या सल्ल्याशिवाय ती वापरू नका. प्रवासाची तिकिटे आणि वाद्यदुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवा. जीएसटीची चिंता नको. तुमची वार्षिक मिळकत 20 लाखांच्या आत आहे.

घर शोधताना दोन गोष्टी किमतीइतक्याच महत्त्वाच्या माना. पहिली रियाजाची. पहाटे डग्ग्याचा आवाज भिंतीतून आणि खालच्या छतातून किती जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तयार घराचा हा मोठा फायदा, की व्यवहारापूर्वी मालकाच्या परवानगीने तिथे अर्धा तास तबला वाजवून पाहता येतो आणि शेजाऱ्यांशी व सोसायटीच्या चिटणिसांशी मोकळेपणाने बोलता येते. न बांधलेल्या इमारतीत शेजारी कोण येणार, हेच ठाऊक नसते. दुसरी गोष्ट शिकवण्यांची. तुमचे विद्यार्थी कोथरूडचे आहेत, आणि पाच-सात वर्षांच्या मुलांना पालक आठवड्यातून दोनदा धायरीपर्यंत घेऊन येतील असे वाटत नाही. बारमाही अशी तुमची स्वतःची हीच एक मिळकत आहे. ती दूर गेल्याने बंद पडता कामा नये, उलट येत्या पावसाळ्यापर्यंत 5,000 वरून 10,000 वर न्यायला हवी. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे वेळ असतो आणि शाळाही नुकत्याच सुरू झालेल्या असतात. वारजे, कर्वेनगर या बाजूला जुन्या इमारतींतली घरे आधी पाहा.

बुकिंगची रक्कम अजून भरली नसेल तर भरू नका. भरली असेल, तर अर्जावर रक्कम परत करण्याच्या अटी काय आहेत ते वाचा आणि माघार घेत असल्याचे आठवडाभरात लेखी कळवा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याने बिल्डरला मनाई आहे, तेव्हा करारापूर्वी पुढचा टप्पा भरण्याचा आग्रह झाला तरी त्याला बळी पडू नका. आणि हे पत्र पत्नीला वाचायला द्या. कर्जावर त्यांचीही सही लागणार आहे, आणि पावसाळ्यातल्या हप्त्याचा मोठा भार त्यांच्याच पगारावर पडणार आहे.