परीक्षा न घेता मुलांचं वाचन कुठे अडतंय हे कसं ओळखावं?

पहिलीच्या वर्गात परीक्षेशिवाय कोण कुठे अडलंय हे कसं कळेल आणि त्यावरून पुढे काय शिकवायचं, असं तुम्ही विचारलंय. शेजारी बसून ऐका. रोज चार-पाच मुलं, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. मूल वाचत असताना मध्येच दुरुस्त करू नका. ते नेमकं काय म्हणालं ते वहीत जसंच्या तसं लिहा.

कारण चुका किती, यापेक्षा चूक कोणत्या जातीची हे महत्त्वाचं. 'खिडकी'ला एकाने 'खडकी' वाचलं, तर त्याला अक्षरं येतात, वेलांटी निसटते. 'मासा पोहतो' इथे दुसरीने 'मासा फिरतो' म्हटलं, तर ती चित्रावरून अंदाज बांधतेय, अक्षरांकडे नीट पाहत नाहीये. दोघांची एकेकच चूक, गुण सारखेच. पण त्याला वेलांटीचा सराव हवा आणि तिला शब्द शेवटपर्यंत फोडून वाचायची सवय. मुलाने स्वतःच थांबून चूक सुधारली तर तेही नोंदवा, ती फार चांगली खूण आहे.

मजकूर निवडायला न्यूझीलंडच्या वाचन-अभ्यासक मेरी क्ले यांच्या नोंदपद्धतीतला हिशोब सोपा पडतो: १०० पैकी ९५ किंवा जास्त शब्द बरोबर आले तर मजकूर सोपा, ९० ते ९४ शिकवण्याजोगा, त्याखाली अवघड. रोज अवघडच हातात पडलं की मूल वाचनच टाळू लागतं. ते बघून जीव तुटतो.

सारखी अडचण असलेल्या मुलांचे गट करून शिकवा, पण ते गट कायमचे करू नका. वेलांटी पक्की झाली की ते मूल लगेच त्या गटातून बाहेर यायला हवं.