वाचकांचे प्रश्न : घ्यायचं नव्हतं, तरी घेतलं

सणासुदीच्या खरेदीवर कोल्हापुरातून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलाचे शाळेचे मोजे आणायला महाद्वार रोडला जाते आणि येताना हातात दोन ड्रेस मटेरियल असतात. दुकानात जीव अगदी अडकलेला असतो, पण दुसऱ्या दिवशी ते उघडून बघावंसंही वाटत नाही. कपाटात असे कितीतरी पीस घडीतच पडून आहेत. मनाचा दुबळेपणा म्हणायचा का हा?
– गृहिणी, मंगळवार पेठ

उत्तर : दुबळेपणा नव्हे. दुकानातली ओढ आणि दुसऱ्या दिवशीचा थंडपणा या दोन्ही गोष्टी मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या एकाच यंत्रणेतून येतात. ते ‘आनंदाचं रसायन’ असल्याचं सगळीकडे छापून येतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचं काम नोंदवलं. सुरुवातीला फळाच्या रसाचा थेंब तोंडात पडला की या पेशी जोरात चालायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकडांच्या लक्षात आल्यावर त्या दिवा लागतानाच चालू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना गप्प राहिल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं. केंट बेरिज यांनी उंदरांवर याच्या पुढची गोष्ट दाखवली. मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं तरी तोंडात घातलेली साखर उंदरांना आवडतच होती, पण ते आपणहून खाण्याकडे जात नव्हते. हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूत दोन वेगळी खाती आहेत.

काचेमागचा चिंतामणी रंग, ‘नवीन माल’ची पाटी, घडी उलगडताना होणारी कापडाची सळसळ हे सगळे तुमच्यासाठी ते दिवे आहेत. पिशवी हातात आली की त्या पेशींचं काम संपतं. दुसऱ्या दिवशी उरतं फक्त कापड, आणि ते खरोखर आवडलं होतं का, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडतो.

ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांना एमआरआय यंत्रात ठेवून आधी वस्तू दाखवली आणि मग किंमत. वस्तू आवडली की मेंदूच्या खोल भागातलं ओढीचं केंद्र सक्रिय व्हायचं, किंमत फार वाटली की इन्सुला हा नकोसेपणाशी जोडलेला भाग जागा व्हायचा. हा दुसरा आवाज तुम्हाला ऐकू यायला हवा असेल, तर किंमत लवकर समोर आली पाहिजे. म्हणून गठ्ठ्यातून पीस काढायला सांगण्याआधी भाव विचारा. अंगावर लावून आरशात बघितल्यावर विचारलेला भाव नेहमी कमीच वाटतो.

बाकी पद्धत अशी ठेवा. यादीत वस्तू, नग आणि रक्कम तिन्ही लिहा : ‘मोजे, २ जोड, अमुक रुपयांपर्यंत’. नुसतं ‘मोजे’ लिहिलेली यादी कामाची नाही. मोजे आधी घ्या. कापड आवडलंच तर दुकानाचं नाव आणि भाव कागदावर टिपून घरी या. फोटो काढू नका. रोज संध्याकाळी तो उघडून बघितला की दिवा पुन्हा लागतो. दुकानदार ‘बाजूला काढून ठेवतो, ताई’ म्हणाला तर नको म्हणा, कारण आपल्या नावाने बाजूला पडलेली वस्तू निम्मी आपली झालेलीच असते. तीन दिवसांनी कागद न बघता तो रंग आठवला आणि घडीतल्या जुन्या पिसांपेक्षा तो आधी शिवून होईल असं वाटलं, तर खुशाल जाऊन आणा.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा आहे. थोरलीच्या वेळी ठरवलेल्या रकमेच्या दीडपट गेले. गादीवर बसलं, चहा आला, साड्यांचा ढीग पडला की हिशेब राहत नाही. या वेळी काय करावं? दागिन्यांचंही तसंच होतं.
– वधूपिता, कळंबा

उत्तर : गादीवर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. सर्वांत जड आहे पहिला आकडा. पहिली साडी ३०,००० ची उलगडली की १२,००० ची स्वस्त वाटायला लागते, मग तुमच्या मनात ८,००० का असेनात. टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं होतं की पहिल्यांदा कानावर पडलेला आकडा पुढच्या सगळ्या अंदाजांना आपल्याकडे खेचतो. म्हणून बसल्या बसल्या तुमचा आकडा तुम्हीच आधी सांगा, आणि वरची मर्यादा सांगा : ‘आठच्या वरची काढू नका.’ ‘आठ-दहापर्यंत’ म्हणालात की दहापासूनच सुरुवात होते.

दुसरं म्हणजे क्रम. बहुतेक घरांत आधी नवरीचा शालू आणि मग मानपानाच्या साड्या घेतात. हा क्रम उलटा करा. शालूवर मोठी रक्कम गेल्यावर प्रत्येक मानपानाच्या साडीमागे वाढलेले ४०० रुपये किरकोळ वाटतात, पण २५ साड्यांचे ते १०,००० होतात. मानपानाची यादी नात्यानुसार नगांसह लिहून न्या, तो गठ्ठा बांधून बिल करून घ्या आणि मग शालूकडे वळा.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. कानेमन, नेट्श आणि थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगात निम्म्या लोकांना कॉफीचे मग दिले होते. ज्यांच्या हातात मग होता ते विकायला साधारण ७ डॉलर मागत होते, ज्यांच्याकडे नव्हता ते साधारण ३ डॉलर द्यायला तयार होते. पुढच्या संशोधनात दिसलं की वस्तू विकत न घेता नुसती हाताळली तरी ती आपली वाटायला लागते. साडी नवरीच्या खांद्यावर टाकून पदर सोडणं म्हणजे हेच. आधी गादीवरच्या दहांतून दोन निवडा, त्यांचा भाव ठरवा आणि मगच पदर खांद्यावर घ्या.

उजेडाकडे लक्ष द्या. सोन्याच्या काउंटरवर साधारण ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर प्रकाश असतो, तर चांदी आणि हिऱ्यांवर ४००० च्या वरचा पांढरा. ही फसवणूक नव्हे, मांडणी आहे; पण गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज किंवा ठुशी घेताना एकदा दाराशी दिवसाच्या उजेडात बघा. साडी आणि ब्लाऊज पीसच्या बाबतीत तर हे हवंच. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं दिव्याखाली एकच दिसतात आणि उन्हात एक तांबूस, एक जांभळट निघतं. दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असली तरी बस्ता सकाळी ११ ला, पोटभर जेवून काढा. भूक लागलेली माणसं खाण्याचे नसलेले जिन्नसही जास्त उचलतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. चहा जरूर घ्या. चहाची भीड मात्र घेऊ नका.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत शिफ्ट आहे. रात्री घरी आल्यावर अंथरुणात फोन घेतो आणि ‘सेल संपायला ९ मिनिटं’ बघून काहीतरी मागवतो. पैसे दिल्यावर स्क्रॅच कार्ड येतं, त्याचीही सवय लागली आहे. मनाला आवर कसा घालू?
– नोकरदार, २६ वर्षे

उत्तर : मनाला आवर घालण्याच्या भरवशावर राहू नका. इच्छाशक्ती वापरून वापरून दिवसअखेर संपते, असा एक सिद्धान्त फार गाजला होता; २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला तेव्हा परिणाम जवळपास शून्य आला. अपुऱ्या झोपेचं मात्र खरं आहे. जागरण झालं की मेंदू फायद्याकडे जास्त आणि तोट्याकडे कमी बघतो, आणि तुमची वेळ नेमकी तीच आहे.

स्क्रॅच कार्डचं मर्म अनिश्चिततेत आहे. शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ साली दाखवलं की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट बघण्याच्या काळात डोपामाइन पेशींचं काम सर्वाधिक चढतं. दरवेळी ठरावीक ५ रुपये परत मिळत असते, तर तुम्ही दोन दिवसांत विसरला असता.

आता कामाचं. खरेदीच्या ॲप्सच्या सूचना बंद करा. ॲपमध्ये जतन केलेलं कार्ड काढून टाका आणि प्रत्येक वेळी लॉग आउट करा. पुन्हा आकडे टाकायला लागणारी दोन-तीन मिनिटंच तुमच्या उपयोगाची आहेत. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसऱ्या खात्यात आठवड्याची रक्कम टाकून ते जोडा. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, मर्यादाही घालता येते; रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय बँकांना बंधनकारक केली आहे. पैसे हातातून जाताना दिसले नाहीत की ते गेल्यासारखेच वाटत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या २००१ च्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डवाल्यांनी रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली होती.

इथे एक चूक सर्रास होते. ‘कार्टमध्ये टाकून ठेवतो, उद्या बघू’ असं लोक ठरवतात. ॲप सकाळी स्वतःच आठवण करून देतं आणि सोबत सूटही दाखवतं. वस्तू कार्टमध्ये न ठेवता वहीत लिहा. आणि ते ९ मिनिटांचं घड्याळ दुसऱ्या दिवशीही ९ मिनिटंच दाखवत असेल, तर त्याची तक्रार करा. खोटी घाई दाखवणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केलेल्या १३ फसव्या प्रकारांपैकी एक आहे. दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा.

प्रश्न : शाहूपुरीत भेटवस्तूंचं दुकान आहे. संगीत आणि सुगंधाने विक्री वाढते म्हणतात. खर्च करावा का?
– व्यापारी

उत्तर : संगीताचा परिणाम खरा आहे. मिलिमन यांच्या १९८२ च्या अभ्यासात सुपरमार्केटमध्ये संथ संगीत असताना गिऱ्हाईक हळू चाललं, आणि जलद संगीताच्या तुलनेत विक्री ३८ टक्क्यांनी जास्त झाली. पण ते मोठं दुकान होतं. चार गिऱ्हाइकांत गर्दी होणाऱ्या गाळ्यात लोक रेंगाळले तर बाहेरचे आत येत नाहीत, म्हणून दिवाळीच्या आठवड्यात संथ संगीत उलटंच पडेल. शब्द नसलेलं वाजवा आणि आवाज गिऱ्हाइकाच्या बोलण्याखाली ठेवा. ध्वनिमुद्रित गाणी दुकानात वाजवायला परवाना लागतो, तो आधी बघा.

वासाची वाट वेगळी आहे. बाकी इंद्रियांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस या चौकीवरून पुढे जातात, वासाचा मात्र ती टाळून थेट भावना आणि आठवणींच्या भागाशी पोचतो. त्यामुळे जुळला तर खोल लागतो, नाही जुळला तर माणूस कारण न कळताच बाहेर पडतो. चंदनाच्या मूर्तींजवळ चंदन ठीक. मऊ खेळण्यांजवळ उग्र अगरबत्ती लावली तर वास खेळण्यात बसतो आणि माल परत येतो. तुम्हाला महागडं यंत्र लागणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक वस्तूवर किंमत स्पष्ट लावा आणि एक नमुना हाताळायला बाहेर ठेवा. असं बघून, हाताळून वस्तू घेणारं गिऱ्हाईक पुन्हा येतं.

प्रश्न : जाहिरातीत डोळ्याला न दिसणारे संदेश दडवतात, हे खरं का?
– विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : ही गोष्ट १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स व्हिकरी यांच्या दाव्यातून पसरली. चित्रपटात क्षणभर ‘पॉपकॉर्न खा’ असं झळकवून विक्री वाढवल्याचं ते सांगत. पुढे त्यांनीच तो दावा पोकळ असल्याचं कबूल केलं. दडवण्याची गरजच नसते, उघड दिसणाऱ्या गोष्टी पुरेसं काम करतात.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, आयुष्यभर काटकसरी. दीड वर्षापासून कंपवाताचं (पार्किन्सनचं) औषध चालू आहे. अलीकडे ते रोज काहीतरी मागवतात : एकाच मापाचे चार पाने (स्पॅनर), तीन टॉर्च. विचारलं तर चिडतात, लपवतातही. वयाचा परिणाम असेल का?
– मुलगी, राजारामपुरी

उत्तर : आधी औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचा. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा रोटिगोटिन असेल, तर औषधाचा संशय पहिला घ्यायला हवा. कंपवातात हालचालींसाठी लागणारं डोपामाइन कमी पडतं, म्हणून ही औषधं त्याच्या जागी काम करतात. पण ती फक्त हालचालींच्या भागावर थांबत नाहीत, ओढीच्या भागावरही काम करतात आणि तिथे डोपामाइन कमी पडलेलं नसेल तर जास्तीचं होतं. ३,००० हून अधिक रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना अनावर खरेदी, जुगार, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी काही ना काही त्रास होता. ही औषधं न घेणाऱ्यांत तो सुमारे ७ टक्के होता. लेव्होडोपा या कंपवातावरच्या दुसऱ्या औषधाने हा त्रास कमी वेळा होतो, पण होऊ शकतो. रात्री पाय वळवळण्याच्या त्रासावरही यांतली काही औषधं देतात, हे वाचकांपैकी इतरांनी लक्षात ठेवावं.

औषध स्वतःहून बंद करू नका. एकदम तोडलं तर अंग आखडतं, आणि घबराट, नैराश्य, घाम येणं असा त्रासही होऊ शकतो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील. त्यांनी आपणहून विचारलं नाही तर तुम्ही सांगा. वडील लाजेपोटी सांगणार नाहीत. जाताना औषधांची नावं आणि मात्रा, मात्रा शेवटची कधी वाढली ती तारीख, आणि गेल्या तीन महिन्यांचा बँकेचा उतारा न्या. मात्रा वाढल्यानंतर खरेदी सुरू झाली का, हे त्या दोन तारखांवरून डॉक्टरांना लगेच दिसतं. जुगार, रमीचं ॲप, गोडाधोडाचा हव्यास यांबद्दलही सरळ विचारा.

तोवर त्यांच्या संमतीने खात्याची दैनिक मर्यादा कमी करा, फोनमधल्या ऑटोपेच्या परवानग्या तपासा आणि पार्सल घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उतरवून घ्या. न फोडलेलं पार्सल मुदतीत परत जाऊ शकतं.

औषध या गटातलं नसेल आणि झोप अचानक कमी होणं, बोलणं वाढणं, मोठमोठे बेत आखणं अशी लक्षणं सोबत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तो उन्मादाचा झटका असू शकतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयात सोय आहे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.