मुलीला घोडे शिकवून तयार करणाऱ्यांकडे काही महिने राहून शिकायचंय. पाठवावं का? तिथे नक्की काय शिकायला मिळतं?

पाठवा. पण दोन आठवड्यांच्या शिबिराला नको. निदान तीन-चार महिने आणि शक्यतो एकाच उस्तादाकडे.

तुम्ही लिहिलंय की लेक दोन वर्षं क्लबात घोड्यावर बसते, रपेट छान करते, आणि ती वर्ष वाया घालवेल याची तुम्हाला धास्ती आहे. माझ्या बाबांनाही हीच धास्ती होती. मी इंदूरची, रामबागेतली. महूला पशुवैद्यक शिकताना तिसऱ्या वर्षानंतर एक सत्र सोडून चार महिने राजस्थानात एका मारवाडी घोड्यांच्या तबेल्यावर राहिले. फी नव्हती. कामाच्या बदल्यात राहणं, जेवण आणि शिकणं.

पहिला महिना मी घोड्यावर बसलेच नाही. पहाटे उठून लीद उपसायची, खरारा करायचा, पाणी भरायचं. एक घोडा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो आणि माझ्याकडे सहा घोडे होते. रात्री हात वर उचलवत नसत. पण उस्ताद रोज सकाळी येऊन पहिला प्रश्न तोच विचारायचे: कुणी किती पाणी प्यायलं, कुणाची लीद किती आणि कशी? घोड्याला उलटी होत नाही. आत काही अडकलं किंवा वायू धरला तर वर यायला वाट नसते, आणि काल धडधाकट असलेला घोडा पोटशूळाने एका रात्रीत दगावू शकतो. उस्ताद त्याच्या कुशीला कान लावून ऐकायचे, मलाही लावायला सांगायचे. लांब कुठेतरी ढग गडगडावेत तसा आवाज येतो. तो आला की बरं वाटायचं. काहीच ऐकू आलं नाही तर धावपळ सुरू. स्टेथोस्कोप माझ्या बॅगेत होता, पण ते पोट मी आधी कानाने शिकले, आणि आजही दवाखान्यात तेच कामी येतं.

आमचं इंदूर होळकरांचं, त्यामुळे आजोबांच्या बोलण्यात जुने शब्द असायचे. घोडा तयार करतो तो चाबुकस्वार, दाणापाणी आणि खरारा बघतो तो मोतद्दार. सगळ्यांना चाबुकस्वार व्हायचं असतं. माझ्या उस्तादांकडे मोतद्दारी केल्याशिवाय पुढचं काही मिळत नसे, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

दुसऱ्या महिन्यात एक तीन वर्षांचा कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाचा, बछेरा माझ्या हाती दिला. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, म्हणून नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो. या बछेऱ्याने मागच्या खेपेला त्याला पाठीमागे हात लावू दिला नव्हता. पुढच्या खेपेला तीन आठवडे उरले होते, आणि तोवर त्याने मागचा पाय शांतपणे हातात द्यायला हवा होता. मी पाय उचलायचे, तो झटकायचा, मी आणखी घट्ट धरायचे. चार दिवसांत तो मला बघूनच अंग चोरायला लागला.

पाचव्या दिवशी उस्तादांनी मला बाजूला घेतलं, दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, ‘‘बाईसा, आज तुम्ही घोडा.’’ दोरीला हलकासा ताण आला. मी जागची हलले नाही. ताण तसाच राहिला, वाढला नाही, कमी झाला नाही. शेवटी मी अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणी दोरी सैल पडली. असं दहा-बारा वेळा झालं. मग त्यांनी विचारलं, काय करायचंय ते तुम्हाला कधी समजलं? मी म्हटलं, तुम्ही सोडलंत तेव्हा.

त्यानंतर मी बछेऱ्याचा पाय जमिनीपासून फक्त दोन बोटं वर उचलायचे आणि तो ओढून घ्यायच्या आत स्वतःच खाली ठेवायचे. सगळं कसब त्या ‘आत’मध्ये आहे. अर्धा सेकंद उशीर झाला की घोडा शिकतो की झटकलं म्हणजे सुटका. तो निवळू लागला की त्याचा कान माझ्याकडे वळतो, श्वास सुटतो, ओठ सैल होतात, तो चघळल्यासारखं करतो. ते दिसायच्या आधी हाताला जाणवावं लागतं. हे कुणी सांगून येत नाही, पुन्हा पुन्हा चुकून येतं, आणि म्हणूनच मी महिन्यांची मुदत सांगते. नालबंद आला त्या दिवशी बछेरा एकदाच थरारला आणि उभा राहिला. मी त्याच्या मानेशी उभी होते, माझे पाय त्याच्यापेक्षा जास्त कापत होते.

एक चूक मात्र तुमच्या मुलीला नक्की सांगा. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. मी गुंडाळली होती. वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली, घोडं बिचकलं, तळहाताची साल निघाली. बोटं राहिली हे नशीब.

तबेला निवडताना मी एक गोष्ट आवर्जून बघते: भिंतीवर टांगलेले लगाम. तोंडातल्या कडीला काटे असतील तर तिथून परत फिरा, उस्ताद कितीही नावाजलेला असो. वरातीत घोडी नाचवायला असे लगाम अजून सर्रास वापरतात. 1965 च्या केंद्रीय नियमांनी ते निषिद्ध आहेत, आणि जो घोड्याची जीभ रक्ताळतो त्याच्याकडून हात हलका ठेवणं शिकता येणार नाही. तुम्ही स्वतः सोबत जा, एक दिवस थांबा. माणूस तबेल्यात शिरल्यावर घोडे माना वर करून त्याच्याकडे येतात की कोपऱ्यात सरकतात, तेवढं बघितलं तरी बरंच कळतं.

तिला स्पर्धांत उतरायचं असेल तर वाट वेगळी. आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला युरोपात राहून शिकली आणि 2023 साली हांगझोच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचं (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय चमूत होती. ते पदक घोडेस्वारीत 41 वर्षांनी आलेलं सुवर्ण होतं. स्पर्धेची तयारी करायची असेल तर भोपाळच्या राज्य अकादमीत आधी चौकशी करा.

जायचं ते थंडीत. मे-जूनमध्ये ऊन चढायच्या आत जेमतेम दोन तास काम होतं. टाच असलेले, बोटं झाकणारे बूट आणि स्वतःच्या मापाचं हेल्मेट इथूनच न्यावं. धनुर्वाताची लसही निघायच्या आधी घ्या. तबेल्याच्या मातीत आणि लिदीत त्याचे जंतू असतातच, आणि पहिल्या आठवड्यात हाताला एखादं खरचटणं ठरलेलं.